डाव्या हाताचा आवाज

दर मंगळवारी सकाळी दहाला आमच्या भागातले हौशी रेडिओवाले हवेत जमतात. हवेतच, घराबाहेर कुणी पडत नाही. आपापल्या तळघरात बसायचं, मोर्सच्या किल्लीवर बोट ठेवायचं आणि कट्ट-कडकट्ट करत एकमेकांची खुशाली विचारायची. तीस-तीस वर्षांची ओळख, पण तोंड कुणी कुणाचं पाहिलेलं नाही. ओळखतात ते हातावरून. अक्षरं सगळ्यांची सारखीच, पण दोन कट्टांच्या मधला श्वास ज्याचा त्याचा. कुणाचा हात लगबगीचा, कुणाचा डुलत येणारा, कुणाचा दर शब्दाला पाय झटकून आत शिरणारा.

माझ्या नवऱ्याचा, ओरेस्टचा हात कॅनडात मॅनिटोबापासून पश्चिमेच्या डोंगरांपर्यंत ओळखीचा होता. सदतीस वर्षं तो आमच्या गावच्या धान्याच्या उंच कोठारावर कामाला होता. दिवसभर गव्हाची धूळ आणि संध्याकाळी किल्ली. मग आदल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याची उजवी बाजू गेली. वाचा अडखळत का होईना, परत आली. पाय काठी धरून परत आला. हात नाही आला.

चौदा महिने तो डाव्या हाताला शिकवत होता. जेवायच्या टेबलावर चमच्याने, गाडीत गुडघ्यावर, चर्चमध्ये बाकाच्या कडेवर. या जानेवारीत एका मंगळवारी तो पुन्हा हवेत गेला. आपलं रेडिओवरचं नाव पाठवलं. ते म्हणजे अक्षरांचा नि एका आकड्याचा छोटासा गुच्छ असतो, सरकार देतं. पलीकडून मॅनिटोबातल्या एकाने विचारलं, एकतीस वर्षांचा मित्र तो, "ओरेस्टच्या नावावर कोण बोलतंय?"

ओरेस्टने रेडिओ बंद केला. त्यानंतरचे सगळे मंगळवार त्याने खिडकीतून बर्फ बघण्यात घालवले.

मार्चात, भर दुपारी, मी बटाटे सोलत असताना तो म्हणाला, "स्टेफा, मला मी ऐकायचाय."

"टेप कर नि ऐक की."

"टेप जवळून ऐकते. त्यांना मी लांबून ऐकू येतो. लांबून कसा येतो ते ऐकायचंय."

"किती लांबून?"

त्याने हनुवटीने अंगणाकडे दाखवलं. तिथे पाच मीटरची डिश उभी होती. एके काळी टीव्हीसाठी आणलेली, पुढे त्याने चंद्राकडे वळवलेली. डिशमधून चंद्राला हाक मारायची, चंद्र ती अंगावर झेलून परत फेकतो, आणि अडीच सेकंदांनी आपलीच हाक आपल्या कानी येते. जायला सव्वा, यायला सव्वा. उजवा हात असताना त्याने हे पुष्कळदा केलं होतं. मी मात्र कधी ऐकलं नव्हतं. भांडी नेहमी त्याच वेळी घासायची असायची.

आता वेळ थोडा होता. एप्रिलमध्ये आम्ही दवाखान्याजवळच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होतो. डिश सास्काटूनच्या एका विद्यार्थी-मंडळाला देऊन टाकली होती. त्यांचा ट्रक गुरुवारी दुपारी तीनला येणार होता. आणि त्याच गुरुवारी अर्धा चंद्र सकाळी अकराच्या आत उगवणार होता, या महिन्यातला सगळ्यांत उंच जाणारा.

"मग गुरुवारी," ओरेस्ट म्हणाला. "अकरा ते तीन."

*

गुरुवारी सकाळीच अल्फॉन्स आला. नदीपलीकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतला, टेलिफोनच्या खांबांवर चढून आयुष्य काढलेला, ओरेस्टच्या बरोबरीचा. एका काखेत जुना संगणक, दुसऱ्या काखेत बायकोने बांधून दिलेला बॅनॉक, म्हणजे त्यांच्याकडचा जाड पाव, अजून गरम.

"पोस्टमास्तरीणबाई, हे पोटासाठी आणि हे तुमच्या नवऱ्यासाठी," तो दारातूनच म्हणाला. मी अठ्ठावीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं. अल्फॉन्सने मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

"ये रे खांबचढ्या," ओरेस्ट खालून ओरडला. "चंद्र काय तुझ्यासाठी थांबणारे?"

"तू इतकी वर्षं गव्हात झोपलास ना, तेवढा वेळ तो थांबलाच की!"

खालच्या खोलीत दोन टेबलं काटकोनात मांडलेली. समोरच्या टेबलावर रेडिओ, किल्ली आणि रेडिओचा संगणक. उजव्या हाताच्या टेबलावर दुसरा संगणक, डिश फिरवणारा. त्याला आम्ही चंद्रवाला म्हणतो. उजवीकडे म्हणजे ओरेस्टच्या गेलेल्या बाजूला. तिथवर त्याचा डावा हात पोचत नाही, आणि खुर्ची वळवली तर किल्ली सुटते. म्हणून गेल्या वर्षी अल्फॉन्सने एक युक्ती करून दिली होती: एकच माऊस, एकच कीबोर्ड, दोन्ही संगणकांना. मध्ये नेटवर्कची केबल. माऊसचा बाण समोरच्या पडद्याच्या उजव्या कडेला नेला की तो कडेत नाहीसा व्हायचा आणि शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर डाव्या कडेतून बाहेर पडायचा, जणू शेजाऱ्याच्या अंगणात गेलेलं मांजर. मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी पडद्यांच्या मधल्या फटीत बोट घालून पाहिलं होतं.

फेब्रुवारीत चंद्रवाला मेला. त्याच्या जागी आज हा नवा-जुना. सगळं पुन्हा जोडायचं होतं.

"मी बसतो ना चंद्रापाशी," अल्फॉन्स केबल लावता लावता म्हणाला. "तू किल्ली मार, डिश मी हलवतो. कशाला ही यातायात?"

"मग ते पाहुण्याचं झालं."

अल्फॉन्स पुन्हा केबलकडे वळला. आमच्याकडच्या चंद्राला हाका मारणाऱ्यांचा तसा रिवाज आहे. निशाणही आपण लावायचं, सूरही आपण जुळवायचा, हाकही आपणच मारायची. मध्ये दुसऱ्याचा हात लागला तर जे परत येतं ते पाहुण्याचं, नोंदवहीत आपलं म्हणून लिहायचं नाही. कुणी तपासायला येत नाही. पण खोटं कुणी लिहीत नाही.

साडेदहाला माऊस वाटून घेणारा प्रोग्राम दोन्ही संगणकांत बसवून झाला. ज्याला माऊस आणि कीबोर्ड जोडलेले, त्या रेडिओच्या संगणकाने स्वतःचं एक नवं ओळखपत्र तयार केलं. हे ओळखपत्र दाखवलं की शेजारचा दार उघडतो. ओरेस्टने डाव्या हाताने माऊस धरला, बाण उजव्या कडेला नेला.

बाण कडेला जाऊन थडकला. मांजर भिंतीला नाक लावून उभं.

"डावं-उजवं चुकलं असेल," अल्फॉन्स म्हणाला. आत जाऊन पाहिलं. पडद्यांची मांडणी बरोबर होती. तरी उलटी करून पाहिली. बाण डाव्या कडेलाही थडकला.

पहिला संशय मांडणीवर, दुसरा केबलवर. अल्फॉन्सने केबल बदलली, दोन्ही टोकं दातांखाली धरल्यासारखी निरखली. मग एका संगणकावरून दुसऱ्याला नुसती हाक मारून पाहिली. हाकेला ओ येत होती. म्हणजे रस्ता शाबूत. तिसरा संशय संगणकातल्या पहारेकऱ्यावर, तो जो बाहेरचं काही आत येऊ देत नाही. त्याला दोन्हीकडे रजा दिली. बाण तिथेच. नावं तपासली, ज्या नावाने एक हाक मारत होता तेच दुसऱ्याचं नाव होतं. सगळं बंद केलं, सगळं चालू केलं. बाण तिथेच.

खिडकीच्या वरच्या अर्ध्यात पॉपलरची नागडी झाडं दिसत होती. त्यांच्या काड्यांमध्ये चंद्र येऊन बसला होता, दिवसाचा, फिकट, पिठात उमटलेल्या अर्ध्या अंगठ्यासारखा. ओरेस्ट त्याच्याकडे बघत नव्हता. तो आपल्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"मागच्या वेळीही असंच झालं होतं," तो हळू म्हणाला. "आठवतं? पहिल्या दिवशी काही केल्या चाललं नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप चालायला लागलं."

"तेव्हा तू म्हणालास, यंत्रालाही घर अंगवळणी पडायला वेळ लागतो."

"मग आताही उद्या चालेल."

"उद्या डिश कुठे असेल रे?" अल्फॉन्स बोलला आणि मग जीभ चावली.

*

साडेबाराला मी सूप खाली घेऊन गेले. ईस्टरच्या आधीचा उपास चालू होता, म्हणून बिटाचा, बिनमांसाचा बोर्श्ट आणि आंबट कोबी भरलेले, उकडलेल्या करंज्यांसारखे पिरोही. दोघं म्हातारे एका पडद्यापुढे डोकी जोडून बसलेले, चष्मे कपाळावर.

"खाऊन घ्या आधी."

"कुठल्या बाराला जेवतोय आपण?" ओरेस्टने विचारलं. हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याच्या टेबलावर ग्रीनिचची वेळ चालते, आमच्यापेक्षा सहा तास पुढची. रेडिओवाले सगळे वही त्याच वेळेने लिहितात, नाहीतर जपानचा नि ब्राझीलचा ताळमेळ कसा लागायचा? मी स्वयंपाकघरात सकाळ करत असते तेव्हा माझा नवरा खाली दुपारी बसलेला असतो. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

"पोटाच्या बाराला," मी म्हणाले आणि वाडगे ठेवायला जागा शोधू लागले. तेव्हा चंद्रवाल्याच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक लहानशी पट्टी दिसली. अल्फॉन्स ती दर वेळी न वाचताच बंद करत होता.

"हे काय म्हणतंय?"

"काही नाही, ओळखपत्र आवडलं नाही म्हणतंय. चार वेळा तेच मान्य कर म्हणून सांगितलं."

"आवडलं नाही असं नाही लिहिलेलं, अल्फॉन्स. 'अजून लागू झालेलं नाही' असं लिहिलंय."

"तेच ते."

"तेच कसं? मुदत संपलेलं पत्र वेगळं, मुदत न लागलेलं वेगळं." मी वाडगं हातात धरूनच उभी राहिले. "ते ओळखपत्र केलं कधी?"

"सकाळी. साडेदहाला," अल्फॉन्स म्हणाला.

"साडेचारला," ओरेस्ट त्याच क्षणी म्हणाला.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. साडेदहा म्हणजे साडेचार, हे त्यांच्या डोक्यात इतकं मुरलेलं की बेरीज केल्याचंही भान नसतं; पापणी लवावी तसे ते सहा तास ओलांडतात. मी मात्र पोस्टातली. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी शिक्क्यातला आकडा बदलणं हे माझं पहिलं काम होतं.

मी एका पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात अठरा वाजून एक्केचाळीस मिनिटं. दुसऱ्याकडे पाहिलं. बारा वाजून एक्केचाळीस.

"ओरेस्ट," मी म्हणाले, "समज, कुणी माझ्या खिडकीशी पत्र आणलं आणि त्यावर उद्याचा शिक्का आहे. मी घेईन?"

"नाही घेणार."

"का नाही घेणार?"

"कारण उद्या अजून..." तो थांबला. अडखळला नव्हता; थांबला होता. मग त्याचा डावा हात हळूहळू वर आला आणि कपाळावर पडला. "अल्फॉन्स. अरे अल्फॉन्स. गाढव आहोत आपण."

"तू स्वतःपुरतं बोल. काय झालं?"

"या टेबलावर ते कार्ड दुपारी साडेचारला जन्मलं. त्या टेबलावर अजून एकही वाजलेला नाही. त्याच्या हिशेबी ते कार्ड अजून जन्मलेलंच नाही!"

अल्फॉन्सने चष्मा नाकावर ओढला, इकडचं घड्याळ पाहिलं, तिकडचं पाहिलं. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे मागच्या वेळी... रात्रभरात सहा तास उलटले..."

"...आणि आपण समजलो यंत्र घराला रुळलं."

"आणि आज साडेचारला आपोआप चाललं असतं!"

"तीनला ट्रक."

हसणं थांबलं. मी वाडगी ठेवली. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. एका हातावर ही दोन टेबलं, मध्ये वीतभर अंतर, आणि तरी तो बाण सकाळपासून सहा तासांच्या दरीच्या काठावर उभा. पलीकडे जाऊन करणार काय? तिथे त्याची वेळच झालेली नव्हती. मला त्या फटीची जरा भीती वाटली. सकाळी मी तिच्यावरून फडकं फिरवलं होतं.

"सोपं आहे," अल्फॉन्स म्हणाला. "तुझ्या संगणकाचं घड्याळ सहा तास मागे घेतो."

"हात लावू नकोस."

"अरे पण..."

"एकोणऐंशी सालापासून हे टेबल ग्रीनिचवर आहे. आधी भिंतीवरचं घड्याळ होतं, मग हे. नेटवरून वेळ लावू का असं ते दर आठवड्याला विचारतं, मी दर आठवड्याला नाही म्हणतो. माझी वही..."

"वही, वही! तुझ्या वहीपायी बाण अडलाय, कोठारवाल्या!"

दोघांचे आवाज चढले. म्हाताऱ्यांची भांडणं लवकर तापतात, मला माहीत आहे. एकाचा हात गेलेला आणि दुसऱ्याचे गुडघे. मी पिरोहीची थाळी दोघांच्या मध्ये ठेवली. तोंड भरलं की ओरडता येत नाही.

कोबी चावता चावता अल्फॉन्सलाच सुचलं. "तू घड्याळाचे काटे हाताने पुढे ढकललेस ना?"

"मग कसं करायचं?"

"त्याला सांगायला हवं होतं की तू ग्रीनिचला राहतोस. त्याच्या पोटात एकच घड्याळ असतं, सगळ्या जगाचं मिळून एक. तोंडावर कुठल्या गावची वेळ दाखवायची ते फक्त तू सांगायचं. तू त्याला गाव सांगितलं आपलं सस्कॅचेवान, आणि मग थापा मारून काटे ढकललेस. म्हणून त्याच्या पोटातलं घड्याळसुद्धा खोटं झालं."

ओरेस्टचा घास तोंडातच राहिला.

अल्फॉन्सने गाव बदललं. सस्कॅचेवानच्या जागी ग्रीनिच. मग नेटवरून वेळ लावू दिली. मी समोर उभी राहून पाहत होते: पडद्यावरची वेळ क्षणभर भिरभिरली, आणि पुन्हा तीच, एकोणीस वाजून तीन मिनिटं. तोंडावर काहीच बदललं नाही. बदललं ते आत. आतून आता दोन्ही टेबलं एकाच घटकेला होती. जपानचा नि ब्राझीलचा, अंगणातल्या डिशचा आणि चुलीवरच्या बोर्श्टचा क्षण एकच, हे एवढ्याशा डब्यांना ठाऊक होतं. माझ्या घरात एक्केचाळीस वर्षं कुणाला ते सुचलं नव्हतं.

जुनं ओळखपत्र पुसलं, नवं केलं. आजच्या, आत्ताच्या शिक्क्याचं.

"जा," अल्फॉन्स म्हणाला.

ओरेस्टने माऊस सरकवला. बाण कडेला गेला. नाहीसा झाला. आणि शेजारी, त्याच्या मेलेल्या हाताच्या बाजूला, जिथे सोळा महिन्यांत त्याचं बोटही पोचलं नव्हतं तिथे, डाव्या कडेतून पांढरा बाण हळूच बाहेर आला.

*

चंद्र पॉपलरच्या वर आला होता. ओरेस्टने बाणाने डिशला इशारा केला. अंगणात लोखंड कण्हलं, डिशच्या काठावरचं जुनं बर्फ ढेकळं होऊन खाली पडलं. मग बाण परत इकडे. मग हात माऊसवरून किल्लीवर. अल्फॉन्स मागे भिंतीला टेकून, हात पाठीशी बांधून उभा राहिला. हात लागायला नको म्हणून. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. भांडी वर तशीच होती.

त्याने आपलं नाव पाठवलं. हात उचलला.

कर्ण्यातून नुसती सुरसुर. कोरडं बर्फ वाऱ्याने जमिनीवरून पळावं तशी. मी मनात मोजलं. एक, दोन, आणखी अर्धा. काही नाही.

बाण उजवीकडे, डिश केसभर वर. बाण डावीकडे. पुन्हा नाव. पुन्हा सुरसुर.

"वर," अल्फॉन्स पुटपुटला. "तो उगवता आहे, आपण त्याच्याकडे चाललोय. आवाज चढा येईल."

"माहीत आहे मला," ओरेस्ट खेकसला. पण बोटाने सूर जरा चढवला.

तिसऱ्या वेळी त्याने नाव पाठवलं आणि हात मांडीवर ठेवला.

सुरसुरीच्या तळातून एक बारीक शीळ वर आली. पाण्याखालून यावी तशी, किंचित थरथरती. कट्ट. कड. कट्ट. त्याचा हात मांडीवर निजलेला आणि त्याचं बोलणं खोलीत चाललेलं. मी हाताकडे पाहिलं, पुन्हा कर्ण्याकडे. जे आत्ता या खोलीत होतं ते मघाशी चंद्रावर होतं. तिथल्या दगडांना लागून आलं होतं. कुठलेही दगड; ज्यांना वारा माहीत नाही, आवाज माहीत नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताला स्पर्श केला होता.

अल्फॉन्सने टोपी काढली.

ओरेस्टचे डोळे मिटलेले. शीळ विरली. मला कळलं की तो खूश नाही.

"नवशिका," तो म्हणाला. "कोणतरी नवशिका आहे. बरोबर म्हणाला तो. मीही विचारलं असतं."

"पुन्हा पाठव," अल्फॉन्स म्हणाला.

"कशाला?"

"तुझा चंद्र आहे, तुझा ट्रक आहे. मला काय, मी बॅनॉक खातो."

त्याने पुन्हा पाठवलं. रागाने, थोडं भरभर. हात उचलला. शीळ आली. आणि या वेळी मी अक्षरांकडे लक्ष दिलं नाही. मला ती येतही नाहीत. ही खोली माझ्या स्वयंपाकघराखाली आहे. कणीक मळताना, मुलं झोपवताना, उपासाचं, सणाचं करताना मी हा आवाज फरशीतून ऐकत आलेय. पायांच्या तळव्यांतून ऐकलाय म्हटलं तरी चालेल. शेवटच्या अक्षराआधी तो क्षणभर थबकला. घराबाहेर पडताना ओरेस्ट असाच थबकतो, चौकटीवर हात ठेवून, काही विसरलं का म्हणून; विसरलेलं कधीच नसतं. मग एकदम, खांदा सोडल्यासारखं, ते शेवटचं अक्षर.

"हा तू आहेस," मी म्हणाले.

"तुला मोर्स येत नाही."

"नाही येत. म्हणून मला अक्षरं ऐकू येत नाहीत. तू येतोस."

"स्टेफा, उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"तुला बरं वाटावं म्हणून मी कधी बोलले? शेवटच्याआधी ऐक. दारात उभा राहतोस तसा उभा राहतोस."

तो वळून माझ्याकडे बघत राहिला. "मी दारात उभा राहतो?"

"एक्केचाळीस वर्षं. गाडी बाहेर तापत असते आणि हा उभा."

"खरंय," अल्फॉन्स तोंडात घास घेऊन म्हणाला. "माझ्या घरीही उभा राहतो. बायको म्हणते, जायचंय की राहायचंय याला?"

ओरेस्टने किल्लीकडे पाहिलं. बाण उजवीकडे नेला, डिश तसूभर सरकवली. चंद्र पुढे गेला होता. बाण परत आणला. नाव पाठवलं, या वेळी सावकाश, स्वतःला ऐकू जावं अशा बेताने. हात उचलून छातीपाशी धरला.

मी त्याचा चेहरा बघायला थांबले नाही. का ते माहीत नाही. त्याने स्वतःला भेटावं आणि मी मध्ये बसलेली नसावी, असं काहीसं वाटलं. कोट न घालताच मी वर आले आणि मागल्या दाराने अंगणात गेले.

बाहेर उणे आठ असेल. ऊन होतं. डिश निळ्या आकाशाकडे तोंड करून उभी, तिच्यात उन्हाचं एक तळं साचलेलं. तिच्या नजरेच्या रेघेत, फार वर, अर्धा चंद्र. कुठेही काही आवाज नव्हता. एक कावळासुद्धा नाही. आणि तरी माझ्या डोक्यावरून, या एवढ्या शांततेतून, माझा नवरा चालला होता आणि परत येत होता. जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद.

तळघराची खिडकी जमिनीच्या बरोबरीला आहे. वाकून पाहिलं. काचेपलीकडे त्याचा डावा हात किल्लीवर खाली-वर होत होता. मग तो थांबला, वर झाला, अधांतरी राहिला. मी मोजलं. एक. दोन. अर्ध्यापाशी आत त्याची मान एका बाजूला कलली, दारावर ओळखीची थाप ऐकावी तशी, आणि कलली तशीच राहिली.

मग त्याचा हात पुन्हा किल्लीवर गेला. मी बर्फात उभी राहून वर पाहू लागले.